प्रोसेस ग्रुपला सिग्नल पाठवताना या चुका टाळा

रावेरजवळच्या एका केळी रायपनिंग चेंबरचं उदाहरण घेऊ. तिथल्या लिनक्स मशीनवर एक शेल स्क्रिप्ट, म्हणजे कमांड्सची फाइल, चालते. ती सेन्सर वाचणारा प्रोग्रॅम सुरू करते, तो सिरीयल पोर्टवरून तापमान घेतो आणि फाइलमध्ये लिहितो. ऑपरेटर स्क्रिप्टला किल -९ देतो (किल ही प्रोसेसला, म्हणजे चालू प्रोग्रॅमला, सिग्नल पाठवणारी कमांड; ९ हा जागच्या जागी मारणारा सिग्नल) आणि ती पुन्हा सुरू करतो. त्यानंतर फाइलमध्ये १६.४ च्या जागी कधी '१६', तर कधी नुसतं '.४' पडायला लागतं. लगेच फोन येतो, "भाऊ, सेन्सर गेला वाटतं."

सेन्सर ठणठणीत असतो. आधीचा प्रोग्रॅम मागे जिवंत राहिलेला असतो आणि एकाच पोर्टवर येणारे बाइट्स जुना-नवा दोघं वाटून घेत असतात.

पालक प्रोसेस मेली की तिने सुरू केलेल्या प्रोसेस, म्हणजे तिची मुलं, आपोआप मरतात, हा समज इथे नडतो. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, असं काही करत नाही. पोरकी झालेली प्रोसेस साधारणपणे १ नंबरच्या प्रोसेसकडे जाते आणि तिचं काम चालूच राहतं. टर्मिनलवर कंट्रोल-सी दाबल्यावर सगळं एकदम थांबतं, कारण टर्मिनल २ नंबरचा सिग्नल समोर चालू असलेल्या अख्ख्या ग्रुपला, म्हणजे एकत्र बांधलेल्या प्रोसेसच्या गटाला, पाठवतं. किलला तुम्ही एक नंबर दिलात, तर सिग्नल त्या एकालाच जातो.

म्हणून आधी पीएसला (चालू प्रोसेसची यादी देणारी कमांड) -ओ देऊन पीआयडी (प्रोसेसचा नंबर), पीपीआयडी (पालकाचा), पीजीआयडी (ग्रुपचा) आणि एसआयडी (सेशनचा) हे चार रकाने मागा. पीजीआयडी बघितल्याशिवाय ग्रुपला सिग्नल पाठवू नका, एवढं मी प्रत्येकाला कळकळीने सांगतो.

या रकान्यात एक गोष्ट नवख्यांना हमखास चकवते. टर्मिनलवर अँड चिन्ह (&) देऊन कमांड मागे टाकली, की शेल, म्हणजे कमांड चालवणारा प्रोग्रॅम, तिला स्वतंत्र ग्रुप देतो. तीच ओळ स्क्रिप्टमध्ये असेल, तर शेलची ही ग्रुप वेगळे करायची सोय (जॉब कंट्रोल) बंद असते आणि मूल स्क्रिप्टच्याच ग्रुपमध्ये राहतं. मग मुलाचा पीआयडी ग्रुपचा नंबर समजून सिग्नल पाठवला, की 'अशी प्रोसेस नाही' एवढंच उत्तर मिळतं. मुलाला स्वतंत्र ग्रुप हवा असेल, तर स्क्रिप्टमध्ये सेट -एम लिहून जॉब कंट्रोल चालू करा किंवा प्रोग्रॅम सेटसिडने, म्हणजे नव्या सेशनमध्ये, सुरू करा.

ग्रुपला सिग्नल देताना नंबर उणे करून द्यायचा असतो: किल -टर्म -- -४३२१. ते मधले दोन डॅश आणि सिग्नलचं नाव गाळून नुसतं किल -४३२१ लिहिलं, तर ४३२१ हाच सिग्नलचा नंबर आहे असं शेल समजतो.

किल ०, म्हणजे प्रोसेसच्या नंबराच्या जागी ० दिला, तर माझ्या स्वतःच्या ग्रुपमधले सगळे, मीसुद्धा. साफसफाईसाठी ट्रॅपमध्ये (स्क्रिप्ट संपताना किंवा सिग्नल आल्यावर चालणाऱ्या ओळीत) हे लिहिणारे बरेच असतात. पण ती स्क्रिप्ट दुसऱ्या स्क्रिप्टने किंवा मेकने (बिल्ड करणारी कमांड) चालवली असेल, तर तेही त्याच ग्रुपमध्ये असतात आणि तेही जातात. पायथनमध्ये हाच घोळ जास्त वेळा होतो: पोपेनने (दुसरा प्रोग्रॅम सुरू करणारी सोय) सुरू केलेलं मूल मूळ प्रोग्रॅमच्याच ग्रुपमध्ये असतं, त्याचा ग्रुप विचारून किलपीजी (ग्रुपला सिग्नल पाठवणारं फंक्शन) केलं की आपलाच प्रोग्रॅम बंद पडतो. पोपेनला स्टार्ट_न्यू_सेशन ट्रू द्या, ते पायथन ३.२ पासून आहे.

सगळ्यात घातक आकडा -१. सी भाषेत नवी प्रोसेस बनवणारा फोर्क फसला की तो -१ परत देतो. तो न तपासता तसाच किलला दिला, तर ज्यांना सिग्नल द्यायची परवानगी तुम्हाला आहे, त्या जवळपास सगळ्या प्रोसेसना तो जातो. रूट, म्हणजे सर्वाधिकारी युजर, असाल तर मशीन गेलंच समजा.

आणखी एक. ग्रुपमधल्या एकाला जरी सिग्नल पोचला, तरी किल यश सांगतो. ग्रुपमध्ये सुडोने (रूटच्या अधिकाराने) चालवलेली प्रोसेस असेल आणि तुम्ही साधे युजर असाल, तर ती तशीच राहते. यश आलं म्हणून निश्चिंत होऊ नका, पीएस पुन्हा बघा.

आणि ९ आधी नको. तो पकडता येत नाही, त्यामुळे प्रोग्रॅमला फाइल नीट बंद करायला वावच राहत नाही. ग्रुपला आधी १५ (टर्म, म्हणजे 'आवरून बंद हो') द्या, पाच-दहा सेकंद थांबा, मग सिग्नल ० पाठवून कोणी उरलंय का बघा. तो कोणाला मारत नाही, फक्त अस्तित्व तपासतो. कंट्रोल-झेडने थांबवलेली प्रोसेस १५ ला दाद देत नसेल, तर ग्रुपला कॉन्ट ('पुन्हा चालू हो' हा सिग्नल) पाठवा. अडकून पडलेला १५ तेव्हाच तिच्यापर्यंत पोचतो. एवढं करूनही कोणी उरलं, तर त्या ग्रुपला ९.