हॉटेलात टिप मिळते ना, मग इन्कम टॅक्स रिटर्नमध्ये ती अशी दाखवा

वेटर, कॅप्टन, बेलबॉय, हाउसकीपिंगवाले, सगळ्यांसाठी लिहितोय. मी आठ वर्षं फ्लोअरवर काढली आणि तिथे सगळ्यांचा एकच समज, टिप म्हणजे बक्षिसी, तिचा टॅक्सशी काय संबंध. संबंध आहे.

2016 ला सुप्रीम कोर्टाने आयटीसी या हॉटेलं चालवणाऱ्या कंपनीच्या केसमध्ये सांगितलं की गिऱ्हाइकाने कार्डवर दिलेली टिप हॉटेलने नंतर स्टाफला वाटली तरी तो पगार होत नाही, त्यामुळे मालकाने त्यावर टीडीएस (पैसे देतानाच कापून घेतलेला टॅक्स) कापायची गरज नाही. लोकांनी एवढंच ऐकलं. पण टीडीएस कापला नाही म्हणजे टॅक्स माफ असं नसतं, ती तुमची कमाई आहे आणि ती ‘इन्कम फ्रॉम अदर सोर्सेस’ (इतर उत्पन्न) मध्ये तुम्हीच दाखवायची.

आधी एक छोटी वही करा. शिफ्ट संपली की तारीख, कॅश किती, क्यूआरवर किती, सगळ्यांच्या टिपच्या डब्यातला वाटा किती, बस. मी युनिफॉर्मच्या खिशात ठेवायचो, पानांना तेलाचे डाग पडलेले पण आकडे शाबूत. महिन्याने आठवून लिहू म्हणाल तर नाही आठवत. सर्व्हिस चार्ज पगाराच्या स्लिपमध्ये आला असेल तर तो परत टिपमध्ये धरू नका.

आता हिशोब, आर्थिक वर्ष 2025-26 चा, नवीन रेजिम (नवीन टॅक्स पद्धत). पगार महिना 35,000 म्हणजे वर्षाला 4,20,000, त्यातून स्टँडर्ड डिडक्शन (पगारातून सरसकट मिळणारी वजावट) 75,000 गेलं, उरले 3,45,000 (हे डिडक्शन फक्त पगारातून मिळतं, टिपमधून नाही). टिप महिना 8,000 धरली तर वर्षाचे 96,000. एकूण 4,41,000. म्हणजे टिपमुळे तुम्ही 4 लाखांच्या करमुक्त मर्यादेच्या वर गेलात आणि रिटर्न भरणं सक्तीचं झालं, पण टॅक्स बसतो 2,050 आणि 12 लाखांपर्यंत रिबेट (टॅक्समध्ये सूट) असल्याने तोही शून्य! एक रुपया जात नाही, मग लपवायचं कशाला?

उलट फायदाच आहे. मला एका बँकेने होम लोन नाकारलं होतं कारण कागदावर नुसता पगार दिसत होता, टिपवर घर चालायचं ते कुठेच नव्हतं. तेव्हा फार वाईट वाटलेलं.

साध्या केसला आयटीआर-1 हा रिटर्नचा सोपा फॉर्म चालतो. एरवी मुदत 31 जुलै, चुकली तर 5 लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला 1,000 लेट फी, उत्पन्न त्याहून जास्त असेल तर 5,000.