‘काय वाटलं?’ असं विचारू नका

समुपदेशनाच्या पहिल्या वर्षात मी सगळ्यात जास्त ठेचकाळले ती ‘वाटणं’ या क्रियापदाला. सीबीटीच्या, म्हणजे विचार आणि वागणं बदलून मन सावरायच्या उपचारपद्धतीच्या, तक्त्यात विचार एका रकान्यात आणि भावना दुसऱ्यात लिहायची असते. मराठीत ‘मला वाटतं मी नापास होणार’ हा विचार आणि ‘मला वाईट वाटतं’ ही भावना, क्रियापद मात्र एकच. मी तक्ता इंग्रजीवरून जसाच्या तसा उतरवला होता. समोरच्या मावशींनी दोन्ही रकान्यांत लिहिलं, ‘कसंतरीच.’

आता मी आधी विचारते, ‘तेव्हा मनात काय आलं?’ आणि मग, ‘जिवाला काय झालं?’ दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेकदा अंगातून येतं: धडधड, डोक्याला मुंग्या, पोटात कालवाकालव. त्याला घाईघाईने ‘अँग्झायटी’ म्हणू नका, त्यांचाच शब्द वापरत राहा. विचार किती खरा वाटतो हे शून्य ते शंभरात सांगता येत नसेल, तर आण्यांत विचारा. ‘सोळा आणे’वरून ‘दहा आण्यां’वर आलेल्या मावशी स्वतःच हसल्या होत्या. (विशीतल्यांना टक्केच बरे.)

काहींना तर तक्ताच नको असतो. अशा वेळी गोव्यातल्या ‘संगथ’ संस्थेचं काम उपयोगी पडतं. तिथे प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मानसोपचाराची पदवी नसलेल्या पण प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांनी नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ भेटींत मदत केली. निष्कर्ष २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. भर होता वर्तन सक्रियतेवर, म्हणजे आधी हातपाय हलवायचे, मन मागून येतं. ‘आज दिवसभरात काय काय केलंत?’ या प्रश्नाला कुणी बिचकत नाही.

माझी मोठी चूक वेगळीच. ‘लोक काय म्हणतील’ हे ऐकलं की अल्बर्ट एलिस (अविवेकी विचार वाद घालून खोडायला शिकवणारे मानसशास्त्रज्ञ) शिकून आलेल्यांची जीभ शिवशिवतेच. मीही एका मुलीशी अर्धा तास वाद घातला. शेवटी ती म्हणाली, ‘मॅडम, माझ्या ताईचं ठरलेलं लग्न याच बोलण्यापायी मोडलंय.’ तिच्या आळीत घडून गेलेली गोष्ट मी अविवेकी विचारांच्या यादीत टाकत होते. मग वाद सोडला आणि घरात तिची बाजू कोण घेईल ते शोधायला बसलो. आई नाही, वडील तर नाहीतच. आत्या निघाली.

पुढच्या भेटीला ती आत्याला घेऊन आली. आत्यापुढे काय काढायचं नाही, हे आम्ही दोघींनी आधीच ठरवलं होतं.