डॉक्टर होल्डरचे बोल्ट आणि माझं पहिलं शटडाउन

गेल्या महिन्यात बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीतल्या (जीआयडीसी) आमच्या वर्कशॉपमध्ये डिप्लोमा करून आलेली दोन मुलं लागली. तिसऱ्या दिवशी त्यांच्यातला एक जण डॉक्टर होल्डरची, म्हणजे पेपर मशीनच्या सिलिंडरवर खरवडणारं ब्लेड ज्यात बसतं त्या भागाची, प्लेट हाताने सरकवून बघत होता. प्लेट किंचित हलत होती. तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "दादा, सगळे बोल्ट पूर्ण बसलेत, तरी प्लेट ढिलीच वाटतेय. साधे बोल्ट घालून आवळून टाकू का?"

हातातलं काम टाकून मी त्याच्याबरोबर गेलो. नऊ वर्षांपूर्वी हाच प्रश्न माझ्या मनात आला होता. फरक एवढाच की मी कुणाला विचारलं नव्हतं, सरळ आवळून टाकलं होतं. त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितोय. पेपर मशीनच्या कामात नव्याने येणाऱ्या मराठी मुलांना कुठेतरी उपयोगी पडेल.

ड्रायरवर, म्हणजे कागद वाळवणाऱ्या वाफेच्या सिलिंडरवर, डॉक्टर (ब्लेड, होल्डर आणि बीम मिळून खरवडायची जोडणी) का लागतो, ब्लेड काय खरवडतं, कागद तुटला की सिलिंडरला गुंडाळू नये म्हणून ब्लेडची धार कशी उभी राहते, हे तुम्हाला माहीत आहे असं धरतो. ब्लेडचा कोन साधारण २५ ते ३० अंश ठेवतात, ब्लेड पोलादाचं, ब्राँझचं किंवा फायबरचं असतं, हेही कळलेलं असेल. नवा माणूस सगळं लक्ष ब्लेडवर ठेवतो, कारण घासतं ते, बदलायला लागतं ते आणि मिलवाले ओरडतात तेही त्याच्याच नावाने. पण ब्लेड होल्डरमध्ये बसतं, होल्डर बीमवर (आडव्या तुळईवर), बीमचे जर्नल (टोकांचे गोल दांडे) बेअरिंगमध्ये आणि बेअरिंग ब्रॅकेटवर. या साखळीत कुठे काय घट्ट धरायचं आणि कुठे काय मोकळं सोडायचं, सगळी विद्या तेवढ्यात आहे. मला ती कुणी शिकवली नव्हती.

आमच्या बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन सुरू केलं ते हाताने काम करणारी माणसं घडावीत म्हणून. मी जिथे शिकलो तिथे हात काळे न करता पास होता यायचं. बोल्ट आवळण्याबद्दल माझ्या डोक्यात एकच गोष्ट पक्की बसली होती: हलतंय म्हणजे चुकलंय.

नोकरीला लागून चार महिने झाले होते. वापीकडच्या एका क्राफ्ट पेपर मिलमध्ये दोन ड्रायरचे होल्डर बदलायचे होते. होल्डर आमच्याच वर्कशॉपमध्ये बनले होते, स्टेनलेसचे, चार मीटर लांब. बीम मिलचा जुनाच, साध्या पोलादाचा, चौकोनी पेटीसारखा. होल्डरच्या प्लेटला मधोमध एक गोल भोक आणि दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत लांबट स्लॉट. बरोबर दिलेले बोल्टही वेगळे होते. डोक्याखाली आट्यांच्या आधी गुळगुळीत गळा असतो तसे, शोल्डर बोल्ट. गळ्याची लांबी प्लेट अधिक वॉशर यांच्या जाडीपेक्षा एक दशांश मिलिमीटर जास्त. म्हणजे बोल्ट कितीही ताकदीने फिरवा, गळा बीमवर टेकतो आणि थांबतो. डोकं प्लेटला दाबत नाही, फक्त उचलू देत नाही.

आता हे लिहिताना इतकं सोपं वाटतंय. त्या रात्री, शटडाउनचे मोजके तास हातात असताना, मला एवढंच दिसलं की बोल्ट पूर्ण बसूनही प्लेट बोटाने सरकतेय. मला वाटलं, वर्कशॉपने गळ्याचं माप चुकवलं. मिलच्या स्टोअरमधून त्याच आट्याचे साधे षटकोनी बोल्ट मागवले, स्प्रिंग वॉशर घातले आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळे कचकचून आवळले. मग ब्लेड घातलं, डॉक्टर खाली घेतला, पलीकडे बॅटरी धरून ब्लेड आणि ड्रायर यांच्यामधून उजेड येतो का बघितलं. कुठेच येत नव्हता. ०.०५ मिलिमीटरची फिलर गेज (फट तपासायची पातळ पट्टी) कुठे शिरेना. माझ्या हातून इतकं नेटकं काम आधी झालं नव्हतं.

पहाटे वाफ सोडली. दुपारपर्यंत दोन्ही कडांना ब्लेडखालून रेषा सुटायला लागल्या, मधे मात्र ब्लेड कुरकुरत होतं. ऑपरेटरने लोडिंगची, म्हणजे ब्लेड ड्रायरवर दाबणारी, हवा वाढवली. कुरकुर वाढली, कडा तशाच. दुसऱ्या दिवशी कागद तुटला आणि टेंडर साइडच्या (ड्राइव्हच्या समोरच्या बाजूच्या) कडेने ड्रायरला गुंडाळला. मशीन थांबलं. वाफ बंद केली, ड्रायर निवल्यावर आम्ही आत शिरलो आणि मी परत बॅटरी धरली. उजेड नाही. गेज शिरत नाही. सगळं सरळ.

नीट वाचा, कारण सापळा इथेच आहे. तुम्ही तपासता तेव्हा मशीन थंड असतं आणि दोष गरम मशीनचा असतो. थंड मशीन तुम्हाला दर वेळी निर्दोष सोडेल. मी दोनदा तपासलं, दोनदा बरोबर आलं आणि मी मिलच्या इंजिनिअरला छातीठोकपणे सांगितलं की होल्डरमध्ये काही नाही, तुमचा ड्रायर खराब आहे. ते वाक्य आजही आठवलं की पोटात गोळा येतो.

हिशेब असा आहे. साधं पोलाद एका अंशाला दर मीटरमागे सुमारे ०.०१२ मिलिमीटर वाढतं. ३०४ ग्रेडचं स्टेनलेस सुमारे ०.०१७. चार मीटरचा होल्डर मधोमध धरला तर प्रत्येक बाजूला दोन मीटर. बीम आणि होल्डर दोन्ही ७० अंशांनी तापले तर बीमची बाजू १.६८ मिलिमीटर वाढेल, होल्डरची २.३८. फरक ०.७. कुणी म्हणेल, एवढंच ना? पण वाफ सोडल्यावर दोघं बरोबरीने तापत नाहीत. ३ बार गेज दाबाची वाफ १४३ अंशांच्या वर असते. त्या सिलिंडरला होल्डर जवळजवळ चिकटून असतो आणि पातळ असतो, म्हणून तो भराभर तापतो. जाड बीम मागे रेंगाळतो. समजा होल्डर ९० अंश चढला आणि बीम अजून ३० वरच आहे. होल्डरची वाढ ३.०६, बीमची ०.७२. फरक २.३ मिलिमीटरच्या पुढे, तोही एकेका बाजूला. स्लॉट ठेवले होते ते याच सरकण्यासाठी.

मी ते सरकणंच बंद केलं होतं. होल्डरला वाढायचं होतं, बोल्ट सोडत नव्हते. मग त्याने बीमलाच वाकवलं. दोन धातूंची जोडपट्टी तापली की वाकते, तसंच. जास्त वाढणारी बाजू ड्रायरकडे, त्यामुळे पोट ड्रायरकडे आलं. मधे ब्लेड जास्त दाबलं गेलं, कडा उचलल्या गेल्या. हवा वाढवली की मधलं आणखी दाबलं जाणार, कडांना काही मिळणार नाही. निवल्यावर बीम परत सरळ. बीमची ड्रायरकडची बाजू आधी तापते म्हणून थोडा बाक तसाही येतो, तो वेगळा विषय. माझ्यामुळे आलेला बाक त्यावर पडला होता.

हे मला शोधून काढता आलं नाही. शोधलं ते मिलच्या एका म्हाताऱ्या गुजराती फिटरने. सगळे त्यांना काका म्हणायचे. काकांनी आधी होल्डरकडे बघितलंच नाही. "बे दिवसनी ब्लेड क्यां छे?" दोन दिवस चाललेलं ब्लेड कुठे आहे? ते जमिनीवर आडवं ठेवायला लावलं आणि खडूने दर फुटावर खूण करून घासलेल्या धारेची रुंदी मला मोजायला सांगितली. मधे जवळपास दोन मिलिमीटरची चकचकीत पट्टी. टोकांकडे जाता जाता ती अरुंद होत गेलेली. शेवटच्या फुटात कारखान्यातली धार जशीच्या तशी. मग त्यांनी विचारलं, जुना होल्डर काढलास तेव्हा बीमवर काय दिसलं?

मी म्हटलं, घाण होती, डाग होते, मी एमरी (पॉलिश पेपर) मारून साफ केले.

काका काही बोलले नाहीत. मला आठवलं की साफ करण्याआधी मी मोबाइलवर फोटो काढला होता, बीम किती वाईट ठेवलाय हे ऑफिसला दाखवायला. तो फोटो मोठा करून बघितला. प्रत्येक बोल्टच्या भोकाभोवती प्लेट घासून चकाकी आली होती. मधल्या भोकाभोवती स्वच्छ गोल. पुढची थोडी लंबगोल. टोकाची सगळ्यात लांबट. जुना होल्डर कितीतरी वर्षं रोज तापून सरकत होता आणि कुठे किती सरकला ते बीमवर लिहून ठेवत होता. मी ते खरवडून टाकलं होतं. काका म्हणाले, "एने रमवा दे, भाई." त्याला खेळू दे. फिटिंगमधल्या मोकळीकीला आपण 'प्ले' म्हणतो, तोच शब्द त्यांनी आपल्या भाषेत वापरला होता.

शोल्डर बोल्ट परत शोधून लावले. साधे काढताना दोन बोल्ट आट्यांतच चिकटले, ड्रिल करून काढावे लागले. बोल्ट कोरडे फिरवले की आटे एकमेकांना धरतात, हा दुसरा धडा त्याच रात्रीचा. अँटीसीझ (आटे चिकटू न देणारी पेस्ट) लावा, हाताने फिरवा, सावकाश. होल्डरच्या बोल्टांना इम्पॅक्ट गन लावणाऱ्या माणसाच्या हाताखाली काम शिकू नका, हे माझं ठाम मत आहे. गनमुळे वेळ वाचतो ही थाप आहे. वाचलेली दहा मिनिटं तुटलेला बोल्ट काढताना दोन तासांनी फिटतात.

गुरूंबद्दलही सांगतो. तोंडभर बोलणारे, व्हिडिओ पाठवणारे खूप भेटतील. त्यांच्याकडून शब्द शिका. काम मात्र अशा माणसाकडून शिका जो तुमच्या हातात पाना देतो आणि शेजारी उभा राहून गप्प बसतो. आणि नमुन्यावरून नक्कल करून पार्ट बनवायची सवय लावून घेऊ नका. नमुन्यात स्लॉट दिसतो, तो का आहे ते दिसत नाही. ड्रॉइंगवर भोकांची मापं मधल्या भोकापासून द्या. एका भोकापासून पुढच्या भोकाचं माप घेत गेलात तर शेवटच्या भोकापर्यंत चूक साठत जाते, स्लॉटची जागा थंडीतच संपते आणि तापल्यावर सरकायला काही उरत नाही. बोल्ट थंड असताना स्लॉटच्या मधोमध उभा दिसला पाहिजे.

बेअरिंगलाही हाच न्याय. ऑसिलेटर (डॉक्टरला आडवं मागेपुढे हलवणारं यंत्र) ज्या बाजूला, तिथून बीमची जागा ठरते. दुसऱ्या बाजूच्या जर्नलला ऑसिलेटरची चाल अधिक बीमची वाढ एवढी जागा हवी. ब्रॅकेटखाली शिम (पातळ पत्र्याचे तुकडे) घालताना बीम रोलला समांतर आहे का, दोन्ही टोकांना मोजा. यात मी फार अडखळलो नाही, म्हणून जास्त लिहीत नाही.

एका गोष्टीबाबत मात्र कडक शब्दांत सांगतो. घासलेलं ब्लेड नव्या ब्लेडपेक्षा धोक्याचं असतं. घासून घासून धारेला वस्तऱ्यासारखी कड आलेली असते. लांब ब्लेड एकट्याने ओढू नका, दोन माणसं हवीत, कट न लागणारे हातमोजे हवेत. वाफ, हवा आणि ड्राइव्ह तिन्ही बंद करून कुलूप घातल्याशिवाय डॉक्टरखाली हात घालू नका. लोडिंगच्या सिलिंडरमध्ये उरलेली हवाही सोडा. घाई कितीही असो, मिलचा कोणीही ओरडो. यात सवलत नाही.

त्या शटडाउननंतर बडोद्याला परतताना गाडीत मी ठरवलं होतं की नोकरी सोडायची. दांडिया बाजारात मामाचं हार्डवेअरचं दुकान आहे, तिथे बसायचं. मिलचं मशीन माझ्यामुळे जवळपास सहा तास बंद होतं आणि मी ड्रायरला दोष दिला होता. घरी आईने ताट वाढलं, घास उतरेना. दुसऱ्या दिवशी मालकांनी बोलावलं. मला वाटलं, हिशेब देतील. त्यांनी कोरा कागद दिला आणि तापल्यावर काय होतं ते मापांसह लिहून दे म्हणाले. वरचा हिशेब तेव्हा मी पहिल्यांदा केला. अडीच तास लागले. तुम्हाला आज अडीच तास लागले तर घाबरू नका, डोकं कमी आहे असं तर मुळीच समजू नका. हे पुस्तकात एका ओळीत असतं आणि मशीनवर चार मीटर लांब असतं. चूक होईल, बहुतेकांची होते. होईल तेव्हा थंड मशीनकडे बोट दाखवून वाद घालू नका, काढलेलं ब्लेड मागवा.

पुढच्या वर्षी त्याच मिलमध्ये तोच होल्डर उघडायची वेळ आली. काका तोवर निवृत्त होऊन गावी गेले होते. मी प्लेट उचलली आणि एमरीला हात न लावता बॅटरी मारली. मधल्या भोकाभोवती गोल चकाकी. तिथून दोन्ही बाजूंना लंबगोल वाढत गेलेले, आणि टोकाच्या भोकाशी व्हर्नियर लावला तर प्लेट दोन मिलिमीटरहून जरा जास्त सरकल्याची खूण. फोटो काढला आणि काकांच्या नंबरवर पाठवला.