क्रीडा कायद्यात एलएलएम करताय? आधी निवाडे मिळतायत का ते बघा

आमच्या घरात कुस्ती. आजोबा कोल्हापूरच्या तालमीतले, मी मात्र पुण्यात बीएसएल एलएलबीच्या खुर्चीवर वजन वाढवलं. २०१६ ला रिओ ऑलिम्पिकमध्ये पैलवान नरसिंग यादव दुसऱ्या दिवशी ७४ किलो गटात उतरणार होता आणि आदल्या दिवशी कॅसनं, म्हणजे क्रीडा लवादानं, त्याच्यावर चार वर्षांची बंदी घातली. तीनदा महाराष्ट्र केसरी झालेला गडी. डोपिंगच्या, म्हणजे उत्तेजक द्रव्यांच्या, प्रकरणात आपल्या नाडाच्या (देशातली उत्तेजकविरोधी संस्था) समितीनं सोडलेला माणूस वाडाच्या (तशीच जागतिक संस्था) अपिलात अडकतोच कसा, हे घरात कुणालाच समजावता येईना. मलाही नाही. त्या खाजेपायी पुढे कर्ज काढून इंग्लंडला गेलो.

नॉटिंगहॅम की माद्रिद, फी किती, स्कॉलरशिप कुठली, हे तुम्ही एव्हाना पाठ केलं असेल. मी सांगतो ते डेझर्टेशनबद्दल, म्हणजे पदवीसाठीच्या प्रबंधाबद्दल, कारण माझे हात तिथे पोळले.

मी विषय घेतला होता आयपीएलमधल्या खेळाडू आणि फ्रँचायझींच्या करारातल्या वादांचा. नाव ऐकून सगळे खूश. सुपरवायझरही ‘इंटरेस्टिंग’ म्हणाले. (ब्रिटिश माणूस इंटरेस्टिंग म्हणाला की सावध व्हायचं असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.) फेब्रुवारी ते एप्रिल मी फक्त बातम्या गोळा केल्या. मे महिन्यात लिहायला बसलो आणि लक्षात आलं की माझ्याकडे एकही निवाडा नाही.

नसणारच. असले वाद खासगी लवादापुढे चालतात आणि त्याचे कागद बाहेर येत नाहीत. डेक्कन चार्जर्स हा आयपीएलचा जुना संघ आणि बीसीसीआय यांचं भांडण आपल्याला तपशिलात वाचायला मिळतं, कारण ते मुंबई उच्च न्यायालयात आलं आणि २०२१ मध्ये तिथे लवादाचा निवाडा रद्द झाला. कोर्टात कुणी गेलंच नसतं तर आपल्याला पेपरातल्या चार ओळींपलीकडे काही मिळालं नसतं. कॅसमध्येही हेच लक्षात ठेवा. तिथल्या साध्या प्रक्रियेतले, म्हणजे बहुतेक करारमदारांचे, निवाडे गोपनीय असतात. अपिलांचे निवाडे छापले जातात, पण दोन्ही बाजूंनी गुप्त ठेवायचं ठरवलं तर तेही नाही. शिवाय काही निवाडे फ्रेंचमध्ये असतात. कॅसच्या निवाड्याविरुद्ध स्विस सर्वोच्च न्यायालयात कोणी गेलं तर तो निकाल जर्मन किंवा फ्रेंचमध्ये येण्याचीच शक्यता जास्त. मी एक अख्खा निकाल मोबाइल समोर धरून भाषांतर करत वाचला. ‘अपील फेटाळलं’ एवढंच खात्रीनं कळलं.

म्हणून विषय सांगण्याआधी एक संध्याकाळ काढा आणि त्या विषयावरचे पंधरा निवाडे पूर्ण मजकुरासह उतरवून घ्या. बातम्या, ब्लॉग, कुणाच्या तरी लेखातला सारांश, यातलं काही धरायचं नाही. पंधरा सापडले नाहीत तर विषय कितीही गोड असो, सोडून द्या. मी जूनमध्ये सोडला आणि डोपिंगवर आलो, कारण नाडाच्या समित्यांचे आदेश संकेतस्थळावर मिळतात आणि कॅसची डोपिंगची अपिलंही भरपूर आहेत. अकरा आठवड्यांत पंधरा हजार शब्द लिहिले आणि पास झालो. तेव्हा तुमचाही विषय मध्येच बदलला तर रडत बसू नका, वर्ष बुडत नाही.

आणि नरसिंगचं कोडंही तिथेच सुटलं. फौजदारीत संशयाचा फायदा आरोपीला मिळतो, इथे उलटं आहे. नमुन्यात द्रव्य सापडलं की दोष लागला. ते शरीरात कसं गेलं हे खेळाडूनं दाखवायचं. कुणीतरी अन्नात मिसळलं असं नुसतं म्हणून भागत नाही, आणि त्याच्याकडे दाखवण्याजोगा पुरावा आहे असं कॅसला वाटलं नाही.

बाकी अभ्यास अवघड नाही. क्रीडा कायदा म्हणजे जर्सी घातलेला करार कायदा आणि लवाद कायदा. ते दोन कच्चे असतील तर मात्र अजून वर्षभर थांबा. आपल्याकडचं तिथले प्राध्यापक शिकवणार नाहीत, ते स्वतः वाचून जा: २००५ चा झी टेलिफिल्म्सचा निकाल, बीसीसीआय संविधानाच्या अनुच्छेद १२ खाली ‘राज्य’ का नाही, तरी २२६ खाली तिच्याविरुद्ध उच्च न्यायालयात रिट अर्ज का चालतो.

परदेशी प्रवेश करून देणारे एजंट लोक सांगत नाहीत ते मी सांगतो. या पदवीनं इंग्लंडमध्ये सॉलिसिटर होता येत नाही, त्याची परीक्षा वेगळी. तीन आठवड्यांत स्पोर्ट्स लॉयर करणारी ऑनलाइन सर्टिफिकेटं तर घेऊच नका. आणि ‘सर, गाइड करा’ असे मेसेज पाठवून मेंटॉर मिळत नसतो. मी चाळीस पाठवले, उत्तरं दोन. शेवटी एका ज्येष्ठ वकिलांना ताज्या निवाड्यावर एक पानी टिपण पाठवलं, त्यांनी पुढच्या आठवड्यात फाइल हातात दिली.

त्या फाइलमधली मुलगी वेटलिफ्टर. तिच्या आईनं गावाहून सप्लिमेंटचा डबा आणला, ज्यात भेसळ होती असं आमचं म्हणणं होतं. मी बॅच नंबर बघायला डबा फिरवला. लेबल घासून काढलेलं, आत तूरडाळ. “चांगला डबा होता, वाया कशाला घालवायचा,” काकू म्हणाल्या. त्या दुपारी मी सप्लिमेंटवाल्या दुकानदाराकडे जुनी बिलं शोधायला गेलो.