कोब्यातून सारखी सिमेंटची धूळ निघते? हे करून बघा

पार्किंग किंवा गोडाऊनच्या कोब्यावर कितीही झाडू मारा, पांढरी पावडर येतच राहते. त्यावर सोडियम सिलिकेट म्हणजे वॉटर ग्लास मारायचं, केमिकलच्या दुकानात पाकासारखं घट्ट लिक्विड मिळतं आणि इपॉक्सीपेक्षा (फरशीवर देतात तो प्लास्टिकसारखा कडक थर) खूपच स्वस्त पडतं.

१. कोबा धुऊन पूर्ण सुकवा, ऑइलचे डाग आधी काढा.
२. १ भाग सिलिकेट ४ भाग पाण्यात कालवून ब्रशने मारा, कुठे डबकं साचू देऊ नका.
३. दुसऱ्या दिवशी पाण्याने घासून धुवा (हे टाळू नका, नाहीतर वर पांढरी पापडी राहते), वाळलं की दुसरा हात १:३ आणि तसंच करून तिसरा १:२.

हातमोजे, सेफ्टी चष्मा घालाच, आणि खिडकीच्या काचेवर शिंतोडा उडाला तर लगेच ओल्या फडक्याने पुसा, वाळल्यावर डाग निघत नाही. भेगा मात्र याने भरत नाहीत.