कोण गळलं, ते आधी मोजा

विषमता कुठून येते हे शोधायचं असेल, तर दुष्ट माणूस शोधत बसू नका. तो सापडतोही कधी कधी, पण तो गेल्यावरही ती का टिकते याचं उत्तर मिळत नाही. त्यापेक्षा एक नियम हातात घ्या. मी अठरा वर्षं नोकरभरतीच्या टेबलावर होते. मला जे कळलं ते अर्जांच्या गठ्ठ्यांतून कळलं.

नियम छोटा निवडा. ‘समाजात अन्याय आहे’ यावर हात घालायला जागा नसते. ‘नोकरीत वर्षाहून अधिक खंड असलेल्या अर्जांचा विचार होणार नाही’ यावर असते. हा माझ्याच टेबलावरचा नियम. असे अर्ज मी डावीकडच्या ट्रेमध्ये टाकत आले, नावसुद्धा न वाचता.

निवडलेल्यांची यादी बाजूला ठेवा आणि गळलेले मोजा. एका दुपारी मी तो ट्रे टेबलावर उपडा केला. बहुतेक अर्ज बायकांचे निघाले. खंडाचं कारण लिहायला छापील अर्जात जागाच नव्हती, तरी काहींनी समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं. बाळंतपण. आईचं आजारपण. एकीने एवढंच लिहिलं होतं, ‘घरी दुसरं कोणी नव्हतं.’ नियमात बाई हा शब्द कुठेच नव्हता.

मग नियमाची जन्मतारीख काढा. माझ्या नियमाची एका जुन्या टिपणीत सापडली. त्या वर्षी अर्ज फार आले, छाननीला माणसं कमी, म्हणून गठ्ठा आटवायला ही अट घातली. कुणाचा द्वेष नव्हता, सोय होती.

दर वेळी असं नसतं. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या ड्यूक पॉवर कंपनीच्या एका वीजकेंद्रात कृष्णवर्णीयांना फक्त मजूर विभागात घेत. तिथला सर्वांत जास्त पगार इतर विभागांतल्या सर्वांत कमी पगारापेक्षाही कमी होता. इतर विभागांसाठी हायस्कूल प्रमाणपत्राची अट १९५५ पासून होतीच. नोकरीत वंशभेदाला बंदी करणारा कायदा २ जुलै १९६५ रोजी लागू झाला आणि त्याच दिवशी कंपनीने नव्याने येणाऱ्यांना आणखी दोन चाचण्या लावल्या. अट सगळ्यांना सारखी. पण १९६० च्या जनगणनेनुसार त्या राज्यात हायस्कूल पूर्ण केलेले गोरे पुरुष ३४ टक्के होते आणि कृष्णवर्णीय १२ टक्के. तारीख पाहिल्याशिवाय हे कळत नाही.

अट त्या कामाला लागते का, हेही विचारा. त्या केंद्रात प्रमाणपत्र नसलेले जुने गोरे कामगार तीच कामं नीट करत होते. १९७१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की, हेतू काहीही असो, कामाशी संबंध नसलेली आणि एका गटाला गाळणारी अट चालणार नाही. मी आमच्याकडे विचारलं, दोन वर्षं घरी राहिलेल्या बाईला हिशेब ठेवता येत नाही का? कुणी उत्तर दिलं नाही.

यानंतर गळलेल्यांपैकी एका माणसाच्या मागे जा. त्या अर्जदारांतली एक मला भेटायला आली होती. तिने दुसरीकडे खालची जागा पत्करली होती आणि पुढच्या अर्जात तिचा अनुभव ‘कनिष्ठ पदाचा’ ठरत होता. एक अट दुसरीला जन्म देते ती अशी. ती म्हणाली, ‘माझ्यातच काहीतरी कमी असेल.’ मला हे वाक्य अजून टोचतं, कारण कमी तिच्यात नव्हतं, माझ्या अर्जाच्या नमुन्यात होतं. शरीरही याची नोंद ठेवतं. ब्रिटनमधल्या सरकारी नोकरांचा अभ्यास १९६७ मध्ये सुरू झाला. सगळे पगारदार, आरोग्यसेवा सगळ्यांना. तरी सर्वांत खालच्या श्रेणीतल्या पुरुषांचा मृत्युदर सर्वांत वरच्यांच्या सुमारे तिप्पट निघाला.

नियम बदलायला निघालात की विरोध कुठून येतो तेही पाहून ठेवा. माझ्या अंदाजाने तो वरून यायला हवा होता. आला तो हंगामी कर्मचाऱ्यांकडून. ‘आम्ही अंगात ताप असताना कामावर आलो, खंड पडू दिला नाही, आणि यांना सवलत?’ डॉ. आंबेडकरांनी जिला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं ती मला त्या दिवशी समजली. प्रत्येक पायरीखाली आणखी एक पायरी असते, म्हणून सगळे मिळून जिन्याविरुद्ध उभे राहत नाहीत. त्यांच्याशी वाद घालू नका. तापात कामावर का यावं लागलं, ते विचारा. तोही एक नियमच असतो, आणि त्याचीही जन्मतारीख असते.

शेवटी टिपण लिहा. किती गळले, अट कधी आली, कामाला ती का लागत नाही, एवढंच. माझं टिपण दोनदा परत आलं. तिसऱ्यांदा पाठवताना मी समासात लिहिलेले ते अर्ज वर ठेवून जोडले.