सायकलचा चिमटा बदलायचाय? आधी ट्रेल मोजा

चिमट्याला (पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कला) जेवढा जास्त बाक, म्हणजे हँडलच्या नळीच्या रेषेपासून एक्सल जेवढा पुढं, तेवढं हँडल स्थिर, असं दुकानात सर्रास सांगतात आणि ते सपशेल उलटं आहे भाऊ. हँडलच्या नळीचा (फ्रेमची पुढची तिरपी नळी, जिच्यात चिमटा फिरतो) जमिनीशी कोन तोच ठेवून बाक वाढवला की ट्रेल, म्हणजे त्या नळीची रेघ जमिनीला टेकते तिथपासून चाक टेकतं तिथपर्यंतचं अंतर, कमी होतो, हँडल हलकं होतं. बाक कमी केला की ट्रेल वाढतो, मग वेगात सायकल सरळ धावते पण पांदण रस्त्यानं हळूहळू जाताना, हँडलला दुधाची कॅन असली तर, हँडल एका बाजूला पडायला बघतं.

हवा भरा, सायकल सपाट फरशीवर उभी करा, पुढचं चाक सरळ ठेवा. एक्सलवरून ओळंबा सोडा आणि खाली खडूची खूण करा.

आता खरं काम. हँडलच्या नळीच्या मधोमध, नळीला समांतर अशी सरळ बांबूची कमची धरा आणि ती जिथं फरशीला टेकते तिथं दुसरी खूण करा. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे ट्रेल. जवळपास सगळे इथंच चुकतात, कमची चिमट्याच्या खालच्या वाकलेल्या भागाला लावतात, त्या मापाला काही अर्थ नाही. मलाही हे जमायला वेळ लागला. सायकल भिंतीला टेकवू नका, एकानं ती उभी धरायची, दुसऱ्यानं कमची, आणि तुम्ही चार पावलं लांब बसून एक डोळा मिटून बघायचं. कोनात एका अंशाची चूक झाली तरी ट्रेल सहा-सात मिलिमीटरनं बदलतो, म्हणून तीनदा मोजा.

२८ इंची काळ्या सायकलचा कोन ६७ अंश आणि बाक ७५ मिमी धरला तर ट्रेल साधारण ६९ मिमी येतो. त्याच सायकलला रेसिंग सायकलचा ४५ मिमी बाकाचा चिमटा लावला तर तो १०० च्या वर जातो! रेसिंग सायकलचा कोन ७३ अंशाच्या आसपास असतो म्हणून तिथं ४५ चालतो, त्यामुळे कोन न बघता नुसता "चांगला चिमटा" मागू नका.

लांबीही जुन्याएवढीच पायजे, एक सेंटीमीटर आखूड असला तर पुढची बाजू खाली बसून कोन अर्धा अंश उभा होतो.

बसवणं सोपं, छर्रे आणि ग्रीस नवीन टाका. धडकेत मागं वाकलेला चिमटा मात्र तापवून सरळ करून देतो म्हणणाऱ्याकडं नेऊ नका, वरच्या जोडाजवळ रंग तडकलेला किंवा सुरकुतलेला दिसला की तो सरळ भंगारात टाका.